प्रस्तावना आणि पद्धती : संशोधन-आराखड्याचा एक पूर्वेतिहास

१

विद्यापीठाकडे सादर होणारा संशोधनाचा आराखडा हा लेखनप्रकार म्हणून सहसा कोणी वाचत नाही. समिती तो तपासते, मार्गदर्शक त्यावर सही करतो, कार्यालय त्याची नोंद घेते आणि प्रबंध पूर्ण झाला की तो विस्मरणात जातो. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याला आपण काय विचारतो आहोत आणि त्याचे उत्तर कोणत्या मार्गाने शोधणार आहोत, हे स्वतःच्या शब्दांत सांगण्याची पहिली संधी मिळते ती याच दहा-पंधरा पानांत. ती वाया गेली तर पुढच्या तीनशे पानांत ती भरून निघणे अवघड असते.

आज मराठीच्या बहुसंख्य आराखड्यांत प्रस्तावना आणि संशोधनपद्धती ही दोन अलग दालने झालेली दिसतात. प्रस्तावनेत साहित्याची व्याख्या, कालखंडाची पार्श्वभूमी आणि लेखकाचा परिचय येतो. पद्धतीच्या सदरात 'वर्णनात्मक, ऐतिहासिक, तुलनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतींचा अवलंब केला जाईल' हे वाक्य येते. पहिल्या भागातून प्रश्न निघत नाही, म्हणून दुसऱ्या भागाला काही करावयाचे उरत नाही. चारही पद्धतींची नावे एकदमच घेतली म्हणजे त्यांपैकी एकीचीही निवड झालेली नसते. शीर्षकाला 'एक चिकित्सक अभ्यास' हे शेपूट जोडल्याने चिकित्सा घडते, असा एक गोड समज त्यामागे असतो.

ही दोन अंगे नेहमीच अशी विलग होती काय? मराठीतील संशोधनाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहता तसे म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील काही टप्पे तपासून आजच्या विद्यार्थ्याने आपला आराखडा कसा योजावा, याविषयी काही सुचवावयाचे आहे.

२

या इतिहासाचा आरंभ एका विद्यार्थ्यापासूनच करणे योग्य ठरेल. जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला आणि पुढे चार दशके तो जवळजवळ निर्विवाद राहिला. १८६७ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला. पुढे तो 'विविधज्ञानविस्तारा'त छापला गेला. कीर्तने यांच्यापाशी पदवी, संस्था वा दप्तरखाना यांपैकी काहीही नव्हते. त्यांच्यापाशी होता तो एक नेमका असंतोष : हा ग्रंथकार ज्या कागदांच्या आधारे लिहितो त्यांचे तोलन त्याने कसे केले, आणि ते कागद आपल्याला पुन्हा पाहता येतील काय? आपण मिळविलेल्या कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे ग्रँट डफने नमूद केले होते. नंतरच्या अभ्यासकांना त्यांचा माग लागला नाही. म्हणजे ग्रंथ शिल्लक होता, पण त्याची पडताळणी करण्याचा रस्ता बंद झाला होता.

येथे प्रश्न आणि पद्धती एकाच क्षणी जन्माला येतात. 'ग्रँट डफ चुकला काय?' हा प्रश्न विचारताच 'मग मूळ साधने मिळविली पाहिजेत' ही पद्धती अपरिहार्य होते. कीर्तने यांनी पुढे मल्हार रामराव चिटणीसाची बखर संपादित केली, हा त्या प्रश्नाचाच उत्तरार्ध होय. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर त्यांच्या 'पूर्वसंशोधनाच्या आढाव्या'त एकच ग्रंथ होता, परंतु तो आढावा खरा होता; कारण त्या ग्रंथातील उणीव ही पुढील कामाची गरज म्हणून सिद्ध होत होती. वीस ग्रंथांचा सारांश देऊन 'तथापि या विषयावर स्वतंत्र संशोधन झालेले नाही' असे म्हणणे आणि एका ग्रंथाशी वाद घालून त्यातील रिकामी जागा दाखविणे, यांत मोठे अंतर आहे. एखाद्या विषयावर कोणी लिहिले नाही, एवढ्याने तो विषय संशोधनाला पात्र ठरत नाही. कोणी का लिहिले नाही, आणि न लिहिल्याने आपल्या कोणत्या समजुती बिनतपासणीच्या राहिल्या, हे दाखवावे लागते.

३

वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांच्या या खंडाला राजवाड्यांनी जी विस्तृत प्रस्तावना जोडली, तिने मराठीत 'प्रस्तावना' या शब्दाचा अर्थच पालटला. मालेचे बावीस खंड झाले; त्यांतील प्रस्तावनांची कीर्ती मूळ कागदांहूनही अधिक पसरली.

या प्रस्तावनेचे मर्म तिच्या आवेशात शोधले जाते. वास्तविक ते तिच्या कारागिरीत आहे. पेशवाईतील पत्रांवर बहुधा मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, वर्ष असतेच असे नाही. अशा पत्राचा काळ ठरविण्यासाठी त्यातील व्यक्ती, मुक्काम, स्वारी यांचे दुवे जुळवीत जावे लागते. राजवाडे हे दुवे जुळवितात आणि त्यांवरून बखरकारांची व ग्रँट डफची विधाने तपासतात. समकालीन पत्र हे उत्तरकालीन बखरीपेक्षा अधिक विश्वसनीय, हा त्यांचा निकष अशा प्रत्यक्ष कामातून वर येतो.

परंतु याच राजवाड्यांच्या उदाहरणातून पद्धतीच्या दुसऱ्या अंगाचाही धडा मिळतो. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची संहिता प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी तिच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. या दोन्ही कामांचा मुख्य आधार त्यांना मिळालेली एक पोथी होती. ती अतिप्राचीन आहे असा त्यांचा निर्णय होता. मात्र ती पोथी पुढे इतर अभ्यासकांच्या तपासणीसाठी उपलब्ध राहिली नाही. परिणामी राजवाड्यांच्या भाषिक निष्कर्षांचे मोल मान्य करणाऱ्यांनाही त्यांच्या पायाविषयी शेवटचा शब्द उच्चारता आला नाही. ग्रँट डफवर जो आक्षेप घेतला गेला तोच येथे वेगळ्या रूपाने परत आला. संशोधकाची प्रज्ञा कितीही मोठी असली तरी, दुसऱ्याला त्याच वाटेने चालून पाहता आले पाहिजे, ही अट तिला सुटत नाही. पद्धतीचे सदर आराखड्यात असते ते यासाठी.

४

ही अट सर्वांत काटेकोरपणे पाळली गेली ती पुण्यातच, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९२५ साली वि. सी. सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक झाले. बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या सुखटणकरांनी १९३३ साली पूर्ण केलेल्या आदिपर्वाच्या खंडाला जी भूमिका लिहिली, ती पद्धतीविषयक लेखनाचा आदर्श मानली जाते.

तिच्यात तीन गोष्टी ठळक आहेत. पहिली म्हणजे सामग्रीचे वर्गीकरण : हस्तलिखिते कोणती, त्यांचे उत्तरेकडील व दक्षिणेकडील कुल कोणते, आणि कोणत्या शाखेला किती वजन द्यावयाचे. दुसरी म्हणजे निर्णयाचा नियम : परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या शाखा जेथे एकमताने एक पाठ देतात तेथे तो पाठ मूळचा मानावयाचा. तिसरी, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, म्हणजे मर्यादेचे विधान. आपण व्यासांचे मूळ महाभारत देत नसून, उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचे रूप देत आहोत, हे सुखटणकरांनी स्पष्ट केले. एवढेच नव्हे, तर जेथे पाठ संशयित आहे तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापण्याची व्यवस्था केली. भूमिकेत कबूल केलेली अनिश्चितता प्रत्येक पृष्ठावर वाचकाला दिसत राहते. आपल्या प्रबंधांत 'संशोधनाच्या मर्यादा' या सदराखाली 'वेळेअभावी अमुक साहित्यकृतींचा विचार केलेला नाही' असे लिहिले जाते. ही मर्यादा विद्यार्थ्याच्या सवडीची झाली. सुखटणकर सांगतात ती पुराव्याची मर्यादा आहे.

अ. का. प्रियोळकरांनी हे शास्त्र मराठी काव्याकडे वळविले. रघुनाथपंडिताच्या 'दमयंतीस्वयंवरा'ची त्यांची १९३५ची आवृत्ती मराठीतील पाठचिकित्सेचा ठळक वस्तुपाठ म्हणून ओळखली जाते. पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित असलेली कृतीदेखील संहिता म्हणून अनिश्चित असू शकते, हे त्यामुळे उघड झाले. प्रश्न दुर्मीळ विषयातच सापडतो असे नव्हे. परिचयाच्या पोटातही तो दडलेला असतो.

५

मग ही परंपरा विद्यापीठीय प्रबंधांत का उतरली नाही? त्याची काही कारणे सांस्थिक आहेत. संशोधन पदवीशी आणि पदवी नेमणुकीशी जोडली गेली, तशी आराखड्याची ठरीव चौकट आवश्यक झाली. उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, पद्धती, प्रकरणांची योजना अशी ही चौकट मुख्यतः सामाजिक शास्त्रांतून आणि शिक्षणशास्त्रातून आली. दु. का. संत, स. गं. मालशे, वसंत स. जोशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठीत संशोधनपद्धतीवर ग्रंथ लिहून विद्यार्थ्यांची मोठी सोय केली. पण मार्गदर्शक पुस्तकाचा उपयोग नमुन्यासारखा होऊ लागला की त्यातील विचार मागे पडतो आणि मथळे तेवढे शिल्लक राहतात.

दुसरे कारण भाषेचे आहे, आणि ते अधिक खोल आहे. मराठीत 'गृहीतक' हा एकच शब्द दोन परस्परविरुद्ध गोष्टींसाठी वापरला जातो : जे आपण तपासणीवाचून मान्य करून चालतो ते, आणि जे तपासून पाहण्यासाठीच पुढे मांडतो ते. तर्कशास्त्राच्या मराठी ग्रंथांत दुसऱ्या अर्थासाठी 'सिद्धांतकल्पना' किंवा 'अभ्युपगम' असे शब्द आढळतात, पण आराखड्यांत ते रुळले नाहीत. परिणाम असा की 'संत साहित्यात मानवतावाद आहे' हे वाक्य गृहीतक म्हणून आरंभी येते आणि निष्कर्ष म्हणून अखेरीस परतते. मधली प्रकरणे त्याला उदाहरणे पुरवितात. जे धरून चाललो तेच सिद्ध झाले, याचे कोणालाही नवल वाटत नाही.

तिसरे कारण १९७०नंतरच्या समीक्षेतील घडामोडींशी निगडित आहे. संरचनावाद, शैलीविज्ञान, स्त्रीवाद, देशीवाद, वसाहतोत्तर विचार असे अनेक दृष्टिकोन आपल्याकडे आले. त्यांनी वाचनाला नवे डोळे दिले, हे निर्विवाद आहे. परंतु दृष्टिकोन म्हणजे पद्धती नव्हे. 'स्त्रीवादी दृष्टीने अभ्यास' असे म्हटल्याने कोणत्या संहिता निवडल्या, त्यांतील काय पाहिले, कोणता पुरावा विरुद्ध गेला असता, हे सांगितले जात नाही. सिद्धांत प्रश्न विचारावयास शिकवितो. उत्तर पडताळण्याचे काम त्याच्यावर सोपविता येत नाही.

६

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावर आराखडा करणारा विद्यार्थी सामान्यतः हरिभाऊंचे चरित्र, सुधारणेची चळवळ आणि यमूची करुण कहाणी यांचा परामर्श घेईल. त्याऐवजी त्याने प्रस्तावनेचा आरंभ एका अडचणीपासून करावा. आपण ही कादंबरी सलग ग्रंथ म्हणून वाचतो आणि तिच्या पाल्हाळाला दोष देतो किंवा वास्तववाद म्हणून गौरवितो. पहिल्या वाचकांनी मात्र ती आठवड्याच्या अंतराने, तुकड्यातुकड्यांनी वाचली. मग ज्याला आपण पाल्हाळ म्हणतो तो साप्ताहिक वाचनाची गरज होता काय?

असा प्रश्न मांडताच पद्धती आपोआप आकार घेते. 'करमणुकी'चे अंक कोणत्या ग्रंथालयांत आहेत, संच पूर्ण आहे की खंडित, हे आधी पाहावे लागेल. हप्त्यांच्या सीमा नोंदवाव्या लागतील आणि ग्रंथरूपातील प्रकरणांशी त्या ताडून पाहाव्या लागतील. पूर्वी सांगितलेल्या घटनांची उजळणी कोठे होते, निवेदक यमू वाचकाला थेट कोठे संबोधिते, याची नोंद करावी लागेल. मुख्य म्हणजे सिद्धांतकल्पना खोटी कशी ठरेल हे आधीच लिहून ठेवावे लागेल : उजळणी व संबोधने हप्त्यांच्या सीमांजवळ दाटलेली नसून सर्वत्र सारखीच विखुरलेली आढळली, तर पाल्हाळाचे कारण साप्ताहिकात नसून आत्मनिवेदनाच्या रीतीत शोधावे लागेल. हा निष्कर्षही तितकाच मोलाचा असेल. अंकांचा संच अपुरा मिळाला तर किती विधाने करता येतील आणि किती नाही, हे सांगणे ही त्या आराखड्याची खरी 'मर्यादा' होईल. ती त्याची नागमोडी रेघ.

या योजनेत प्रस्तावना शेवटी पुन्हा लिहावी लागते, हेही विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. पहिल्या मसुद्यातील प्रश्न बहुधा फार मोठा असतो. सामग्री हाताळल्यावर तो आक्रसतो आणि टोकदार होतो. पद्धती लिहिताना प्रश्न बदलावा लागला, तर आराखडा बिघडला असे न समजता तो आता घडू लागला आहे, असे समजावे.

७

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९, २०१६ व २०२२ साली पीएच.डी.विषयक नियम केले. पूर्वतयारीचा अभ्यासक्रम आवश्यक ठरविला, २०१८ साली वाङ्मयचौर्याला आळा घालणारे विनियम काढले आणि २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद केली. एम.फिल. हा साहित्याच्या विद्यार्थ्याला लहान प्रश्नावर हात बसविण्याचा टप्पा होता. तो गेल्यामुळे पहिलाच आराखडा अनेकांच्या बाबतीत पीएच.डी.चा असतो. चार वर्षांच्या पदवीक्रमातील संशोधन-प्रकल्पाने ती जागा भरून काढावी, अशी अपेक्षा ठेवता येईल. मात्र तेथेही तीच चौकट आणि तेच मथळे उतरले तर विद्यार्थी केवळ अधिक लवकर निर्ढावेल.

साम्य मोजणारी यंत्रणा उसना मजकूर दाखवू शकते. उसना प्रश्न ती दाखवू शकत नाही. तो ओळखण्याचे काम मार्गदर्शकाचे आणि समितीचे आहे. 'तुमची पद्धती कोणती?' असे विचारण्याऐवजी 'तुम्ही चुकलात हे तुम्हांला कशावरून कळेल?' असे त्यांनी विचारले, तरी पुष्कळ आराखडे तेथल्या तेथे पुन्हा लिहावे लागतील. कीर्तने यांच्या निबंधाला मान्यता देण्यासाठी कोणतीही समिती बसली नव्हती, पण त्याला प्रतिवादाची वाट मोकळी होती. आपल्या विद्यार्थ्यांच्या आराखड्यांना मान्यता मिळते. प्रतिवाद करण्याजोगे त्यांत काही असावे, एवढीच मागणी या इतिहासातून पुढे येते.