तक्रारीचा हिशेब

धाराशिवकरांस दुष्काळ कोणी सांगावयास नको. १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी आम्हां मराठवाडेकरांचे मागासलेपण म्हणजे नुसते गाऱ्हाणे समजले जाई. त्याला हिशेबाच्या वहीत आणले ते प्रा. वि. म. दांडेकरांनी. १९६६ ते १९८० ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. १९८३ साली शासनाने त्यांना सत्यशोधन समितीचे अध्यक्ष केले.

समितीने राज्याची सरासरी हे माप धरले. जिल्हा तिच्या जेवढा खाली, तेवढा त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात मराठवाड्याचा अनुशेष सुमारे ७५१ कोटी रुपये निघाला. विदर्भाचा १,२४७ कोटी, पण उर्वरित महाराष्ट्राचाही १,१८९ कोटी! माप प्रामाणिक असले की ते आपल्या सोयीचे बोलत नाही. तरीही, श्रोतेहो, हिशेब म्हणजे वसुली नव्हे. विद्वानाने आकडा दिला. तो मागत राहणे आमचे काम.