चहाच्या पार्सलसाठी पुठ्ठ्याचे घरगुती शिंके

बीड जिल्ह्यातील पाटोदा हे बालाघाटच्या डोंगररांगेतील तालुक्याचे गाव. (ग्रामस्वच्छतेमुळे सर्वदूर नावाजलेले पाटोदा ते वेगळे, ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे.) तहसील कचेरी, एसटी स्थानक, बाजारपेठ आणि या सर्वांना दिवसभर बांधून ठेवणारा चहा, हे कोणत्याही तालुक्याच्या गावाचे चित्र येथेही आहे. हॉटेलातला चहा दुकानापर्यंत किंवा कचेरीपर्यंत पोहोचवण्याची जुनी रीत साधी होती. एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात सहा-आठ ग्लास बसणारा तारेचा स्टँड. पुढे किटलीची जागा पातळ प्लास्टिकच्या पिशवीने घेतली. उकळता चहा पिशवीत ओतायचा, गाठ मारायची, सोबत चार कप द्यायचे. सोयीची असली तरी आरोग्याच्या दृष्टीने याहून वाईट रीत सापडणे कठीण.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची ताटे-वाट्या व एकदाच वापरून फेकण्याची प्लास्टिकची भांडी यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, नळ्या आणि ढवळण्याच्या काड्या यांच्यावर देशभर बंदी आली. मग उरतो तो कागदी कप. मात्र त्याच्या आतही पाणी झिरपू नये म्हणून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे ठेवल्यास त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. त्यामुळे चहा दूर न्यायचा असेल तर घरचे स्टीलचे ग्लास किंवा मातीचे कुल्हड बरे. अडचण एवढीच की, चार भरलेले ग्लास दोन हातांत धरून कोणी चालू शकत नाही. ती अडचण दूर करणारे साधन घरातल्या रिकाम्या खोक्यातून तासाभरात तयार होते. मोठ्या शहरांतील कॉफीच्या दुकानांत मिळणारे करड्या रंगाचे ट्रे हे त्याचेच भाऊबंद. ते कागदाच्या लगद्यापासून, अंड्यांच्या ट्रेप्रमाणेच साच्यात घडवतात. हे साम्य पाहून कोणी अंड्यांचा रिकामा ट्रेच वापरायला घेईल, पण ते करू नये. कच्च्या अंड्यांच्या कवचावर रोगजंतू असू शकतात व ते ट्रेला लागतात.

खोक्याचा पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागदांच्या मध्ये चिकटवलेला नागमोडी कागद. पन्हळी कागदाचे पहिले पेटंट १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हीली आणि अ‍ॅलन या दोघांनी घेतले, तेही उंच टोपीच्या अस्तरासाठी! १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या व दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी वापरला. तीन वर्षांनी ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागदाची जोड दिली, आणि आज किराणा दुकानाच्या दारात पडलेले खोके शक्य झाले. या पुठ्ठ्याला 'दिशा' असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नागमोडी रेषा ज्या दिशेने धावतात त्या दिशेने पुठ्ठा ताठ राहतो. त्या रेषांना समांतर घडी मात्र सहज पडते. पुठ्ठ्याची कड पाहिली की रेषांची दिशा कळते.

बिस्किटे, साबण किंवा तेलाच्या पुड्यांचे स्वच्छ व कोरडे खोके निवडावे. कीटकनाशकांचे खोके कितीही मजबूत असले तरी घेऊ नये. शेतीच्या गावात हा इशारा अनावश्यक नाही. साध्या तीन पदरी पुठ्ठ्याने काम भागते. पाच पदरी पुठ्ठा मजबूत असला तरी घरच्या कटरने कापताना आणि दुमडताना नकोसे होते. याशिवाय पट्टी, पेन्सिल, दाभण, सुतळी आणि चिकटवण्यासाठी खळ एवढेच साहित्य पुरे. मैद्याची शिजवलेली खळ उत्तम. जुने बुकबाईंडर खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. येथे खाण्यापिण्याचा संबंध असल्याने ते विष नको.

मापे कपावरून ठरतात, म्हणून आधी कप हातात घ्यावा. समजा लस्सीचा किंवा उसाच्या रसाचा मोठा कप आहे. त्याची उंची १२ सेंटिमीटर, तोंडाचा व्यास ९ आणि तळाचा ६ सेंटिमीटर. कपाला अर्ध्याहून किंचित वर, म्हणजे तळापासून ७ सेंटिमीटरवर, दोरा गुंडाळावा. दोऱ्याची लांबी २४.५ सेंटिमीटर भरली, तर तिला ३.१४ ने भागून ७.८ सेंटिमीटर व्यास मिळतो. तोच भोकाचा व्यास. कप वर रुंद व खाली निमुळता असल्याने तो या भोकात बरोबर अडकतो. डोक्यावरच्या घागरीला चुंबळ जे करते तेच काम हे भोक करते.

आता ५२ सेंटिमीटर लांब व २१ सेंटिमीटर रुंद अशा दोन सारख्या पट्ट्या कापाव्यात. नागमोडी रेषा लांबीच्या दिशेने हव्यात. खोक्यावर आधीच्या घड्या असतातच. त्यांतली एखादी आपल्या घडीच्या जागी येत असेल तर उत्तम, पण मुठीच्या भागात जुनी घडी येऊ देऊ नये, भार तेथेच येतो. प्रत्येक पट्टीवर एका टोकापासून २२, १०, ७, १० आणि ३ सेंटिमीटर अंतरांवर आडव्या रेषा आखाव्यात. पहिला २२ सेंटिमीटरचा भाग ही मधली भिंत आणि मूठ. त्यानंतरचा १० चा भाग तळ. ७ ची बाहेरची भिंत. पुन्हा १० चा भोके असलेला माळा. आणि शेवटची ३ ची चिकटपट्टी. रेषांवर चमच्याची पाठ दाबून फिरवावी आणि मगच दुमडावे. तसे न केल्यास वरचा कागद फाटतो.

माळ्यावर दोन भोके आखावीत. दोघांचे मध्यबिंदू एकमेकांपासून १० सेंटिमीटर आणि पट्टीच्या कडांपासून साडेपाच सेंटिमीटर असावेत. पुठ्ठ्यात गोल कापणे हे किचकट काम आहे. त्यापेक्षा वर्तुळ आखून त्याच्या मध्यातून कडेपर्यंत आठ चिरा द्याव्यात आणि झालेल्या पाकळ्या खाली दाबाव्यात. या पाकळ्या कपाला चारही बाजूंनी बिलगतात, गरम कपाभोवती आवरणही होते, आणि कप दोन-चार मिलिमीटर लहानमोठा असला तरी चालतो.

चहाच्या छोट्या कपांसाठी हाच आराखडा आटोपता करावा. ७ सेंटिमीटर उंचीच्या कपासाठी भाग १८, ७, ४, ७ आणि अडीच सेंटिमीटरचे. पट्टी साडेअडतीस सेंटिमीटर लांब व २२ रुंद. एका पट्टीवर तीन भोके, म्हणजे एकूण सहा चहा. येथे भोकाचा व्यास साधारण ५.७ सेंटिमीटर येतो. घरात कंपास नसेल तर सव्वादोनची बांगडी घ्यावी. तिचा आतला व्यास सव्वादोन इंच म्हणजे ५.७ सेंटिमीटरच असतो. ती ठेवून आतल्या बाजूने पेन्सिल फिरवली की काम झाले.

मुठीचे भोक दोन्ही भिंतींत एकाच जागी हवे. वरच्या कडेपासून ३ सेंटिमीटर सोडून, ९ सेंटिमीटर लांब व ३ रुंद. त्याची वरची बाजू न कापता झडप वर दुमडावी, म्हणजे बोटांना कड काचत नाही. कोपरे गोल ठेवावेत. टोकदार कोपऱ्यापासून पुठ्ठा फाटू लागतो, हा नियम खोक्याला जसा लागू आहे तसाच येथेही.

दुमडलेली पट्टी बोगद्यासारखी दिसेल. चिकटपट्टी वरच्या दिशेने वळवून मधल्या भिंतीला, तळापासून ७ सेंटिमीटरवर, चिकटवावी. मग दोन्ही अर्धे भाग पाठीला पाठ लावून चिकटवावेत. खळ पातळ लावावी. जास्त ओल पुठ्ठ्याला मऊ करते. वजनाखाली रात्रभर सुकू द्यावे. केवळ खळीवर विसंबू नये. चिकटपट्ट्या व दोन्ही भिंती यांतून दाभणाने सुतळीचे तीन टाके घालावेत.

बहुतेक घरगुती आराखड्यांत पुढची पायरी सुटते आणि त्यामुळे ते फसतात. दोन्ही टोके उघडी असलेला चौकोनी बोगदा भार पडताच तिरका होतो. वरचा-खालचा भाग काढलेले खोके जसे बोट लावताच चेपते तसा. बाहेरची भिंत खाली उतरते आणि कप कलतात. यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या टांगलेला होता. दुधादह्याचे मडके शिंक्यात टिकते, कारण दोऱ्या ओझे तळाखालून उचलतात. येथेही तसेच करावे. मधल्या भिंतीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक छिद्र पाडावे. प्रत्येक छिद्रातून सुतळी ओवून तिचे एक टोक एका बाजूच्या माळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून व तळातून खाली काढावे आणि गाठ मारावी. दुसरे टोक दुसऱ्या बाजूला तसेच. गाठीखाली पुठ्ठ्याचा लहान तुकडा ठेवला तर ती आत ओढली जात नाही. दोन सुतळ्यांची ही चार टोके ताणली की माळा ताठ उभा राहतो. पुठ्ठा कपांना जागेवर ठेवतो आणि वजन सुतळी वाहते.

३०० मिलिलिटरच्या चार कपांचे ओझे सव्वा किलोच्या आसपास जाते, म्हणून पहिली चाचणी थंड पाणी भरून घ्यावी. गरम चहाने चाचणी घेणे म्हणजे पायावर फोड ओढवून घेणे. लहान मुलांच्या हाती भरलेले शिंके देऊ नये, हेही ओघाने आलेच.

पुठ्ठ्याचा खरा शत्रू ओल. थरांना जोडणारी खळ पिष्टाची असल्याने भिजताच सुटते. बर्फ घातलेल्या रसाच्या पेल्याबाहेर जमणारे पाणी तळाला लागते. त्यासाठी तळाच्या आतल्या बाजूवर मेणबत्ती घासावी, किंवा पळसाचे पान अंथरावे. वर्तमानपत्र घालू नये; छपाईच्या शाईमुळे अन्न वर्तमानपत्रात बांधू नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वेळोवेळी बजावले आहे.

आता सांडण्याविषयी. चालताना कपातले पेय का उसळते याचा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रेचेत्निकोव्ह व मायर यांनी केला आणि त्याला २०१२ चे इग्नोबेल पारितोषिक मिळाले. पावलांचा ठेका आणि कपातील द्रवाच्या हेलकाव्याचा ठेका जुळू लागले की पेय काठावरून बाहेर येते. हातात ताठ धरलेला ट्रे मनगटाचा प्रत्येक झटका कपाला देतो. टांगलेला ट्रे मात्र स्वतः झुलतो आणि पेयाची पातळी बहुतांशी त्याच्याबरोबर कलते. तुर्कस्तानातील चहावाले तीन दांड्यांना लटकवलेले तबक घेऊन गर्दीतून सहज जातात, ते यामुळेच. आपल्या शिंक्याच्या मुठीतही सुतळीचा एक सैल फास अडकवून तो फास धरावा. कप काठोकाठ न भरता एक बोट रिकामा ठेवावा. दोनच कप असतील तर समोरासमोर ठेवावेत आणि वाटताना आळीपाळीने दोन्ही बाजूंचे उचलावेत; एक बाजू रिकामी झाली की शिंके कलते.

दुचाकीवर नेताना ते हँडलला अडकवण्यापेक्षा स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत ठेवणे बरे. जामखेडहून बीडकडे येताना लागणाऱ्या सौताड्याला पावसाळ्यात धबधबा पाहायला गर्दी होते. तेथे पायऱ्या उतरून चहा नेण्यासाठी हे शिंके सोयीचे आहे. एक हात कठड्यासाठी मोकळा राहतो. कप मात्र खाली टाकून येऊ नयेत, त्याच शिंक्यात परत आणावेत.

पाटोद्यासारख्या भागात एक प्रश्न तरीही उरतो. मांजरा नदी याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते, पण उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारी गावे बीड जिल्ह्याला नवी नाहीत. ग्लास विसळायला पाणी लागते, कागदी कपाला लागत नाही. टंचाईच्या दिवसांत हॉटेलवाल्याने कागदी कप निवडला तर त्याला दोष देणे सोपे नाही. ग्राहकाने स्वतःचे ग्लास शिंक्यात घालून नेले आणि घरी आणून धुतले, तर निदान हॉटेलच्या पिंपावरचा भार हलका होतो. घरी ते पाणी झाडांना घालता येते, जे टपरीवर बहुधा गटारात जाते.

नीट सुकवून ठेवलेले शिंके कितीतरी वेळा वापरता येते. तळ मऊ पडला, टाक्यांजवळ कागद सुटू लागला की ते मोडीत काढावे. सुतळी सोडवून ठेवावी. कोरडा पुठ्ठा रद्दीवाल्याला द्यावा; चहा सांडून भिजलेला पुठ्ठा तुकडे करून खताच्या खड्ड्यात टाकावा.