लेखनशुद्धीचे यांत्रिक कोश आणि त्यांचीं स्थलांतरें

संगणकावरील जुनी लेखनप्रणाली काढून तिची नवी आवृत्ति बसविली, कीं पुष्कळांस एक चमत्कारिक अनुभव येतो. काल ज्या शब्दांखालीं कांहीं नव्हतें त्यांच्याखालीं आज तांबडी नागमोडी रेघ उमटते. किंवा याच्या अगदीं उलट, ढळढळीत चुका पानभर पसरल्या असतां यंत्र 'तपासणी पूर्ण झाली' असें खुशाल सांगतें. यांपैकीं पहिला प्रकार त्रासदायक खरा, पण दुसरा अधिक घातक. कारण रेघांच्या गर्दीनें मनुष्य सावध होतो, मौनानें मात्र फसतो. असें कां घडतें हें समजण्यासाठीं या यांत्रिक कोशांची साठ वर्षांची वंशावळ थोडी पाहिली पाहिजे.

तिचा आरंभ लेखनशुद्धीसाठीं झालाच नाहीं. १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें लेस अर्नेस्ट हे यंत्राला हाताचें वळणदार अक्षर वाचावयास शिकवीत होते. अक्षर नीट लागेना तेव्हां तें कोणत्या शब्दांत बसेल हें ताडण्यासाठीं त्यांनीं सुमारें १०,००० इंग्रजी शब्दांची एक यादी यंत्रास दिली. तीच यादी पुढें त्यांच्याबरोबर स्टॅनफर्डला गेली, आणि तेथें १९७१ सालीं राल्फ गोरिन यांनीं 'स्पेल' नांवाची प्रणाली रचली. शब्द यादींत नाहीं एवढें सांगून ती थांबत नसे. एक अक्षर बदलून, गाळून, वाढवून किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल करून यादींतला शब्द मिळतो काय, हें ती पाही व तो सुचवी. आज आपल्यापुढें जे पर्याय येतात त्यांचें मूळ या साध्या युक्तींत आहे.

पुढची अडचण जागेची होती. बेल प्रयोगशाळेंतील डग्लस मॅक्इलरॉय यांस सुमारें ३०,००० शब्द केवळ ६४ किलोबाइट स्मृतींत कोंबावयाचे होते. शब्दाचीं शेपटें तोडून मूळ तेवढें ठेवावयाचें, हा मार्ग त्यांनीं घेतला. येथें यादीच्या जोडीला व्याकरण आलें, आणि माझ्या मतें या इतिहासांतील हीच खरी वळणाची जागा. यापुढें कोश म्हणजे एक नव्हे, दोन वस्तु झाल्या: एक मूळ शब्दांची यादी, दुसरी प्रत्ययांच्या नियमांची. 'आयस्पेल'मध्यें जेफ कुएनिंग यांनीं हे नियम प्रणालींतून बाहेर काढून वेगळ्या फाइलींत ठेवले, म्हणून इंग्रजीखेरीज इतर भाषांनाही दार उघडलें. त्याच कल्पनेवर केव्हिन हेंड्रिक्स यांनीं 'ओपनऑफिस'साठीं 'मायस्पेल' तयार केलें.

परंतु मायस्पेलचा पाया इंग्रजीसारख्या थोड्या प्रत्ययांच्या भाषेचा. हंगेरियन भाषेंत नामाचीं रूपें शेंकड्यांनीं मोजावीं लागतात. प्रत्ययावर प्रत्यय चढतो, समास लांबत जातात. शिवाय युनिकोड त्यास पचत नव्हता. लास्लो नेमेथ यांनीं आपल्या मातृभाषेच्या गरजेपोटीं मायस्पेलची पुनर्रचना करून 'हनस्पेल' निर्माण केलें, आणि २००६ सालीं ओपनऑफिसच्या २.०.२ या आवृत्तींत तें आलें. पुढें फायरफॉक्स, क्रोम व मॅक यांनींही तेंच उचललें. मोठ्या भाषांच्या धन्यांस जें सुचलें नाहीं तें एका लहान देशाच्या अवघड व्याकरणानें करविलें, याचें मला कौतुक वाटतें. आपल्या मराठीस तर हें नातें फार जवळचें. 'घोडा' या एका शब्दापासून 'घोड्यावर', 'घोड्यावरच्या', 'घोड्यावरच्यांनासुद्धां' अशी जी मालिका निघते ती यादीनें कधींच संपणार नाहीं; सामान्यरूप व त्यावरील थर समजणारा नियमच तेथें पाहिजे.

आतां स्थलांतराकडे वळूं. दोन वस्तूंचा हा कोश तितकाच नाजूकही आहे. नियमांच्या फाइलींत आरंभीं अक्षरसंकेताचें नांव लिहिलेलें असतें. तें नांव एक आणि यादी लिहिलेला संकेत दुसरा असा घोळ झाला, कीं साधे शब्द जुळतात आणि स्वरचिन्हांकित शब्द मात्र सगळेच चुकीचे ठरतात. त्यांतच कोश ठेवण्याची जागा बदलते. ओपनऑफिसच्या जुन्या आवृत्त्यांत 'डिक्शनरी.एलएसटी' नांवाच्या एका चिठोऱ्यांत भाषा, देश व फाइल यांची एक ओळ लिहिली कीं काम भागे. २००८ सालीं तिसरी आवृत्ति आली आणि कोश 'एक्स्टेन्शन' म्हणून बसवावयाचे ठरलें. सोय मोठी झाली, पण ज्यांनीं जुन्या पद्धतीनें हातानें कोश जोडले होते त्यांचे कोश जागच्या जागीं राहिले व नव्या प्रणालीनें तिकडे पाहिलेंही नाहीं. २०१३ सालीं चौथी आवृत्ति निघाली तेव्हां प्रत्येकाच्या वैयक्तिक नोंदी ठेवण्याची पेटीच नव्या नांवाची झाली. प्रणाली रचणाऱ्यांच्या दृष्टीनें कोश हें एक उपांग. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनें मात्र तें घरांतलें सामान आहे, आणि घर बदलतांना तें विचारून हलवावें ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

अशा वेळीं मदत कोण करी? बहुधा वेतन न घेणारे जुने वापरकर्ते. त्यांचें उत्तर वर्षानुवर्षें जवळजवळ एकच राहिलें, आणि तें शहाणपणाचें आहे. आधीं ते विचारीत, मजकुरावर कोणत्या भाषेचा शिक्का आहे? मराठी मजकुरावर इंग्रजीचा शिक्का असला तर कोश बिचारा काय करील? मग त्या भाषेचा कोश खरोखर बसला आहे काय. कारण कोशच नसेल तर यंत्र चूक काढीत नाहीं, आणि वर सांगितलेलें तें फसवें मौन पदरीं पडतें. एवढ्यानेंही न भागल्यास प्रणाली पूर्णपणें बंद करून 'यूजर' पेटीचें नांव बदलावयाचें, म्हणजे ती उघडतांना नवी कोरी पेटी तयार करते. पेटी पुसावयाची नाहीं, नांवच बदलावयाचें, हा त्यांतला मर्मबिंदु. कारण लेखकानें स्वतः भर घातलेले शब्द तिच्यांतच असतात. ज्यानें दहा वर्षें ताम्रपटांतील ग्रामनामें एकेक करून कोशांत घातलीं, त्याला तें पुसणें म्हणजे टिपणवही चुलींत घालण्यासारखें आहे.

मराठीवर हे प्रसंग आणखी एका रीतीनें आले. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम व १९७२ ची भर यांनीं भाषेचीच आवृत्ति बदलली. प्रस्तुत लेख मी ज्या जुन्या वळणानें लिहीत आहे त्याची ओळन् ओळ आजचा कोश तांबडी करील, आणि त्यांत कोशाचें कांहीं चुकलें असें म्हणतां येणार नाहीं. याहून सूक्ष्म भानगड संकेताची. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्यें स्वतंत्र स्थान २००८ सालीं मिळालें. त्यापूर्वीं तें 'अ'वर चंद्र ठेवून साधीत. 'कोऱ्या' शब्दांतला अर्धा र देखील दोन रीतींनीं उमटवितां येतो. डोळ्यांस दोन्ही रूपें एकच दिसतात. यंत्रास मात्र ते भिन्न शब्द वाटतात. कोश एका रीतीचा आणि कळफलक दुसऱ्या रीतीचा असला, तर शुद्ध लिहिणाऱ्याच्या शब्दाखालींही रेघ येते, व ती कां आली हें पानाकडे कितीही वेळ पाहिलें तरी कळत नाहीं.

असो. ओपनऑफिसची वैयक्तिक शब्दांची 'स्टँडर्ड.डिक' ही फाइल अलीकडच्या आवृत्त्यांत साध्या मजकुराची असते. वर चार ओळींचा मथळा, त्यांतली चौथी नुसत्या तीन आडव्या रेघांची, आणि खालीं ओळीस एक शब्द. ती कोणत्याही साध्या संपादकांत उघडतां येते, दुसरीकडे उतरून ठेवतां येते, आणि नव्या पेटींतील 'वर्डबुक' या कप्प्यांत परत घालतां येते.