नेटवर्क मार्केटिंगमधील ‘नावांची यादी’ म्हणजे काय?

नेटवर्क मार्केटिंगमध्ये नव्याने जोडलेल्या माणसाला बहुतेक वेळा पहिले काम मिळते ते नावे लिहून काढण्याचे. ज्यांना माल विकता येईल किंवा व्यवसायात जोडता येईल, अशा लोकांची ही यादी असते. बोलताना तिला नुसते ‘लिस्ट’ म्हणतात.

यादी कशी करतात?

मोबाइलमधले नंबर, भावकी, सोयरे, वर्गमित्र, बचत गटातल्या महिला, ओळखीचे दुकानदार अशा गटांतून नावे काढली जातात. ओळखीच्या लोकांना ‘वॉर्म मार्केट’, तर अनोळखी लोकांना ‘कोल्ड मार्केट’ म्हणतात. नावापुढे गाव, कामधंदा, गरज आणि पुन्हा कधी बोलायचे हे लिहितात.

यादी लवकर का संपते?

समजा, प्रत्येकाने 5 जण जोडले. मग 5, 25, 125 अशी साखळी वाढत जाते. आठव्या पायरीवर 3,90,625 आणि नवव्या पायरीवर 19,53,125 माणसे लागतात. 2011 च्या जनगणनेनुसार धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्याची लोकसंख्या 16,57,576 होती. म्हणजे तान्ही मुले धरूनही जिल्हा पुरत नाही. कळंब किंवा भूमसारख्या तालुक्यात तर एकच नाव अनेकांच्या यादीत सापडते.

नियम काय सांगतात?

ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, 2021 नुसार पिरॅमिड योजनांना बंदी आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. बोलणे सुरू करतानाच स्वतःची ओळख, कंपनीचे नाव, माल आणि भेटीचा हेतू स्पष्ट सांगावा. ‘सहज चहाला ये’ म्हणून बोलावून प्लॅन दाखवणे यात बसत नाही. ‘आणखी ग्राहक आणून दे, तुझे पैसे वसूल होतील’ असे सांगून माल विकण्यासही मनाई आहे.

यादी करताना काय पाहावे?

- दोन रकाने करावेत: माल खरोखर लागणारे ग्राहक आणि विक्री करू इच्छिणारे. पहिला रकाना रिकामाच राहत असेल, तर कमाई मालावर नसून माणसे जोडण्यावर आहे, हे ओळखावे.
- ‘नाही’ म्हणणाऱ्याचे नाव खोडावे. वारंवार फोन केल्याने नाते तुटते.
- सोयाबीनचे पैसे हाती आले म्हणून किंवा कर्ज काढून कुणालाही माल भरायला लावू नये.

फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते.