वसई १७३८ सालीच पडली का?

गासच्या चर्चला ज्यांचं नाव आहे ते संत गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं. जपानी पंचांगात तोच दिवस केईचो कालगणनेच्या पहिल्या वर्षातला, बाराव्या महिन्याची १९ तारीख. 'पहिलं वर्ष म्हणजे १५९६, बारावा महिना म्हणजे डिसेंबर' असं गणित मांडलंत की साल चुकलंच, वर दीड महिन्याचा घोळ.

वसईची कागदपत्रं एक्सएमएलमध्ये टॅग करायला बसलात तर हे सारखंच आडवं येईल. १७३९ घ्या. चिमाजी अप्पांपुढे पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली ती तारीख कुठे ५ मे भेटते, कुठे १६ मे. दोन्ही खऱ्या! पोर्तुगिजांनी ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्येच घेतलं, इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियनवर होते. अंतर ११ दिवसांचं.

मराठी कागदात तर सुहूर सन, तोही अरबी शब्दांत: तिसा सलासीन मया अलफ. म्हणजे ९, ३०, १००, १०००, एकूण ११३९. हा सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शरणागती मृगाच्या आधीची. तिथे सरसकट ५९९ मिळवले की वसई १७३८ मध्ये पडते. प्रोग्राम तक्रार करत नाही, तक्ता सुबक छापून देतो.

ऑक्सिजन एडिटरमधला सॅक्सन प्रोसेसर इथे आपणहून मदत करत नाही. एक्सएसएलटीच्या मानकातल्या पंचांगांच्या यादीत शक आहे, विक्रम संवतही आहे. पण प्रोसेसरनं ते चालवलेच पाहिजेत असं बंधन नाही. शिवाय ती सोय तारीख छापण्यासाठी आहे, जुन्या कागदातली वाचण्यासाठी नाही. म्हणून आपण जावात फंक्शन लिहितो, त्याची जार फाइल ट्रान्सफॉर्मेशन सिनॅरिओच्या एक्स्टेन्शन्समध्ये जोडतो आणि नेमस्पेस जाहीर करून स्टाइलशीटमधून त्याला हाक मारतो. अर्ध्या तासाचं काम. (पहिल्यांदा दोन दिवस धरा.)

माझं मत विचाराल तर सुहूर सनासाठी जार नकोच. बेरीज आणि एक अट, एवढं स्टाइलशीटमधल्या फंक्शनमध्येही मावतं, आणि तुमचा परीक्षक ते उघडून वाचू शकतो. तिथी काढायची तर चंद्रसूर्याचं गणित लागतं, तिथे जावा घ्या. पण जारच्या आत काय ठरवलंय ते कुणाला दिसत नाही. मृगाचा दिवस कुठला धरला, अधिक मासाचं काय केलं, हे प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहा आणि जारचा सोर्सही सोबत द्या.

आणि मूळ शब्द पुसू नका. 'तिसा सलासीन' टॅगच्या आत जसंच्या तसं राहू द्या, काढलेली तारीख अॅट्रिब्यूटमध्ये ठेवा. उद्या कुणी तुमचं ५९९ खोडून ६०० करेल, तेव्हा त्याला कागद पुन्हा शोधायला लागू नये.