दशावतारी गंजिफा ते मोबाइलवरील भुयार : मसुरे परिसराच्या खेळपरंपरेतील एक धागा

मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव कालावल खाडीच्या दक्षिणेस वसलेले असून भरतगडाचा किल्ला आणि गावाचीच एक वाडी असलेल्या आंगणेवाडीतील भराडी देवीची जत्रा यांमुळे ते महाराष्ट्रभर परिचित आहे. अशा गावाच्या करमणुकीचा इतिहास लिहिताना नाटक, भजन आणि जत्रा यांची नोंद आवर्जून होते; खेळांची नोंद त्रोटक असते आणि मोबाइलवर एकट्याने खेळल्या जाणाऱ्या खेळांची तर होतच नाही. तथापि इंटरनेटविना आणि पैशांविना खेळता येणारा, भुयाराचे मजले एकामागून एक उतरत जाण्याचा भूमिकाप्रधान खेळ, म्हणजे ज्यात खेळणारा योद्धा, जादूगार अशा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याचे बळ टप्प्याटप्प्याने वाढवतो असा खेळ, हा त्याच इतिहासाचा अलीकडचा टप्पा मानावा लागतो. त्याची रचना परदेशात घडली हे निर्विवाद आहे. परंतु धारण केलेली भूमिका, नियमांच्या चौकटीतील अनिश्चितता आणि खेळावर खेळणाऱ्याचीच सत्ता ही ज्या तीन तत्त्वांवर तो उभा आहे, ती या परिसराला पूर्वीपासून ठाऊक आहेत.

मसुऱ्याच्या डोंगरावर पाणी नसल्यामुळे शिवाजी महाराजांनी पाहणी करूनही तेथे किल्ला बांधला नाही, आणि पुढे बावड्याच्या पंत अमात्यांशी हद्दीचा तंटा पेटून खाडीपलीकडे भगवंतगड उभा राहू लागला तेव्हा सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी त्याच डोंगरावर विहीर खोदून पाणी मिळवले व भरतगड उभारला, असा वृत्तांत जुन्या गॅझेटियरात येतो. 1818 साली हे किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि त्यांचे लष्करी महत्त्व संपले. ज्या सावंतांनी या सीमेवर कातळ फोडला, त्यांच्याच सावंतवाडी दरबाराच्या आश्रयाने गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या व लाखेचे रोगण चढवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ, या प्रदेशात बहरला.

दशावतारी गंजिफेत 120 पाने असतात. मत्स्यापासून कलंकीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने, ही तिची मांडणी होय. निम्म्या रंगांमध्ये संख्यांचा चढता क्रम उलटा मानला जातो, त्यामुळे एका रंगात बलवान असलेले पान दुसऱ्या रंगात दुबळे ठरते. आणि दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजापासून, रात्री असेल तर कृष्णाच्या राजापासून सुरुवात करण्याचा संकेत आहे. पात्राचे बळ हे स्थिर नसून ते रंग, वेळ आणि वाटणी यांवर अवलंबून असते, हे सूत्र या खेळाने पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. छापील पत्त्यांपुढे ही कला लोप पावू लागली असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताच्या साहाय्याने तिला पुन्हा उभे केले, हे उपकार कोकणाने विसरण्याजोगे नाहीत.

गंजिफेत अवतार पानावर होते. दशावतारी नाटकात ते माणसाच्या अंगावर आले. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या या नाटकाच्या पूर्वरंगात, म्हणजे मुख्य कथेपूर्वीच्या विधिरूप भागात, गणपती, ऋद्धी-सिद्धी व सरस्वती येऊन जातात आणि वेद चोरणारा संकासुर विष्णूच्या हातून मारला जातो. उत्तररंगात पुराणातील एखादे आख्यान सादर होते. या नाटकाला परंपरेने लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा आणि पात्रांचा क्रम ठरलेला, परंतु संवाद नटाने त्या रात्री, त्या प्रेक्षकांपुढे, समोरच्या पात्राच्या बोलण्यातून घडवायचे, अशी ही पद्धती आहे. म्हणूनच एकच आख्यान दोन गावांत सारखे होत नाही, आणि ठाऊक असलेल्या कथेसाठीही प्रेक्षक पहाटेपर्यंत बसून राहतो.

चौकट स्थिर आणि तपशील दर वेळी नवा, हेच तत्त्व 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ या संगणकीय खेळात वेगळ्या मार्गाने साधले. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागदावर व फाशांनी खेळावयाच्या खेळापासून भूमिका आणि भुयाराची कल्पना आली होती. ‘रोग’ने त्यात भर घातली ती अशी, की खोल्या, वाटा, शत्रू आणि वस्तू यांची रचना संगणक प्रत्येक डावाला नव्याने करी, आणि पात्र मेले की डाव तेथेच संपून पुन्हा पहिल्या मजल्यापासून आरंभ करावा लागे. चित्रे नव्हती, पडद्यावर नायकाच्या जागी एक चिन्ह आणि राक्षसांच्या जागी अक्षरे असत. या परंपरेतून प्रेरणा घेऊन डेव्हिड ब्रेविक यांच्या चमूने 1996 च्या अखेरीस ‘डायब्लो’ हा खेळ आणला, ज्यात जुन्या प्रार्थनास्थळाखालचे सोळा मजले उतरायचे असत. तो प्रथम पाळीपाळीने खेळण्यासाठी योजला होता, परंतु घडणीच्या काळातच त्यातील हालचाल सलग व तात्काळ करण्यात आली, आणि ज्याला ‘अ‍ॅक्शन’ भूमिकाप्रधान खेळ म्हणतात त्या प्रकाराला त्यातून लोकप्रिय रूप मिळाले.

याच सुमारास कोकणात दोन बदल घडत होते. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली आणि मुंबईच्या चाकरमान्याचा, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहून सणासुदीला गावी येणाऱ्या कोकणी माणसाचा, प्रवास अनेक बोगद्यांतून होऊ लागला. आणि 1997 पासून नोकियाच्या फोनांवर आलेल्या ‘स्नेक’ या खेळाने खिशातील यंत्र हे खेळण्याचेही साधन आहे हे सामान्य घरांना दाखवले. रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. अशा मार्गावर आणि डोंगर-खाड्यांनी तुटलेल्या या प्रदेशात नेटवर्कवर न विसंबणारा खेळ हीच सोयीची गोष्ट होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची 4जी सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले, तरी ही गरज संपली नाही.

ही गरज चोख भागवणारा खेळ म्हणजे ओलेग डोल्या यांनी ‘वाताबू’ या नावाने 2012 च्या अखेरीस अँड्रॉइडवर आणलेला ‘पिक्सेल डंजन’ होय. तो ‘डायब्लो’सारखा वेगवान नसून ‘रोग’प्रमाणे पाळीपाळीने चालतो. योद्धा, जादूगार, चोर आणि पुढे खुली होणारी शिकारी स्त्री यांपैकी एक भूमिका घेऊन गटारे, तुरुंग, गुहा, बटूंचे नगर आणि राक्षसांची दालने असे पाच प्रदेश उतरायचे, प्रत्येक पाचव्या मजल्यावर एका बलाढ्य शत्रूला तोंड द्यायचे, आणि वाटेत भूक सांभाळायची. कुप्यांतील औषधे व गुंडाळ्यांतील मंत्र वापरून पाहिल्याशिवाय सहसा कळत नाहीत, म्हणून लोभ आणि सावधपणा यांचा हिशेब सतत करावा लागतो.

या खेळाचे ऐतिहासिक महत्त्व मात्र त्याच्या नियमांहून मोठे आहे. 2014 मध्ये त्याचा मूळ संगणकीय आराखडा (सोर्स कोड) मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला. या परवान्यानुसार कोणीही तो वाचू, बदलू व वाटू शकतो, मात्र बदललेली आवृत्ती वाटताना तिचाही आराखडा तसाच खुला ठेवावा लागतो. त्यातूनच इव्हान डेबेनहॅम यांचा ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ त्याच वर्षी निघाला आणि अनेक वर्षे वाढत राहिला. याउलट 2022 चा ‘डायब्लो इम्मॉर्टल’ हा मोबाइलवर विनामूल्य मिळत असला तरी इंटरनेटविना चालत नाही, आणि पात्राची प्रगती लवकर व्हावी म्हणून पैसे खर्च करायला लावण्याच्या त्याच्या पद्धतीवर जगभर टीका झाली. 2025 मध्ये भारताच्या संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तोही खेळ आणि खिसा यांच्या या नात्याचीच कठोर दखल होय. जो खेळ एकदा उतरवून घेतला की खेळणाऱ्याचाच राहतो, आणि जो दर क्षणाला दुकानाकडे परत बोलावतो, त्या दोहोंना केवळ ‘फुकट’ या एका शब्दाखाली ठेवणे ही चूक आहे.

गंजिफेचा संच घरात असला की डाव मांडायला कोणाची परवानगी लागत नसे, आणि आख्यान सर्वांचे असल्यामुळे कोणतीही दशावतारी मंडळी ते आपल्या परीने उभे करी. मुक्त परवान्याचा, इंटरनेटविना चालणारा खेळ याच जातीचा आहे. सिंधुदुर्गातील संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी तो नुसता खेळून थांबू नये. आराखडा खुला आहे, त्यात भरतगडाचे मजले रचता येतील, मालवणी बोलणारा संकासुर आणता येईल आणि गंजिफेचे उलटसुलट बळ नियमांत बसवता येईल. सावंतवाडीची गंजिफा योग्य वेळी हात पुढे आल्यामुळे वाचली. नव्या खेळांत या भूमीची पात्रे यायची असतील, तर त्यासाठीही येथल्याच हातांनी काम करायला हवे.