धुरापासून तुषारापर्यंत : मुलांच्या दम्याचा इतिहास

इतिहास म्हटला, की आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इकडे स्थायिक झालेल्या घराण्यांना सनदा, इनामे आणि मोडी दफ्तरे आठवतात. रोगाचा आणि औषधाचाही इतिहास असतो. पण तो माजघरात घडतो, म्हणून त्याची नोंद सहसा राहत नाही.

ग्वाल्हेरच्या आमच्या वाड्यात माझ्या धाकट्या भावाला लहानपणी दमा होता. थंडी पडू लागली, की रात्री-अपरात्री त्याला धाप लागे. आई त्याला उशांना टेकवून बसवी, आजी छातीला कोमट तेल चोळी आणि वडील डॉक्टरांना आणावयास जात. इंजेक्शन दिले, की पहाटे त्याचा डोळा लागे, आणि सकाळी सारे घर म्हणे, ‘बरा झाला!’ दम्याच्या औषधांचा इतिहास वाचताना या ‘बरा झाला’ची मला वारंवार आठवण झाली.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का व श्वास या रोगांचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील ‘तमक श्वासा’चा रोगी आडवा होऊ शकत नाही, बसल्यावर त्याला बरे वाटते, आणि ढगाळ व थंड हवेत त्याचा त्रास वाढतो. आपल्या घरातील रोग्याचेच हे वर्णन वाटावे! त्यावरील उपायांत हळद, एरंडमूळ आदी द्रव्यांची वर्ती करून तिचा धूर ओढावा असेही सांगितले आहे. औषध श्वासावाटेच श्वासमार्गात पोचवावे, ही कल्पना इतकी जुनी आहे.

धोत्र्याची वाळलेली पाने व मुळे चिलमीत ओढण्याची चालही आपल्या देशात होती. १८०२ च्या सुमारास जनरल जेंट या सेनाधिकाऱ्यामार्फत ती मद्रासहून ब्रिटनमध्ये गेली, आणि पाहता पाहता युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या जाऊ लागल्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त याला वयाच्या नवव्या वर्षी दमा जडला. पुढे तोही अशा सिगारेटी ओढी आणि खोलीत औषधी पूड जाळी. धोत्र्यातील ॲट्रोपिनमुळे श्वासनलिकांचे आकसलेले स्नायू सैल पडत, म्हणून आराम वाटे. परंतु हे द्रव्य विषारी, आणि धुरावाटे किती पोटात गेले याचे माप नाही; लहान मुलाच्या बाबतीत तर हा जुगारच होता.

धुराऐवजी तुषार वापरण्याची युक्ती पॅरिसचे डॉक्टर साल-जिराँ यांनी १८५८ साली पुढे आणली. औषधी झऱ्यांचे पाणी हातपंपाच्या दाबाने फवारून ते रोग्याला हुंगावयास देणारे यंत्र त्यांनी केले. ‘नेब्युलायझर’ हे नाव ज्या ‘नेब्युला’ या लॅटिन शब्दावरून आले, तो आपल्या ‘नभस्’चा सगोत्र आहे. दोन्हींच्या मुळाशी धुके, ढग हाच अर्थ आहे. घरोघरी आपण ‘मुलाला वाफ दिली’ म्हणतो खरे, पण ती वाफ नसते. न तापविलेल्या औषधाचे ते धुके असते.

१९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने ॲड्रेनॅलिन शुद्ध रूपात मिळविले, आणि १९२९ मध्ये इंग्लंडात त्याचा तुषार दम्यावर दिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. काचेचे पात्र आणि रबरी फुगा, असे ते साधन असे. ते हाताळण्याचा कंटाळा येऊन १९५५ साली अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांच्या फवाऱ्यासारख्या डबीत हे औषध का भरता येऊ नये? तिचे वडील जॉर्ज मेझन हे रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे अध्यक्ष होते. १९५६ मध्ये मोजून मात्रा देणारा पहिला दाबाचा इन्हेलर बाजारात आला.

यानंतरचे प्रकरण मात्र दुःखद आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९५९ ते १९६६ या काळात १० ते १४ वर्षांच्या मुलांतील दम्याचे मृत्युप्रमाण जवळजवळ आठपट झाले. आयसोप्रिनॅलिनच्या फवाऱ्यांकडे, विशेषतः त्यांतील तीव्र मात्रेच्या प्रकाराकडे, संशयाची सुई वळली. औषधाचा दोष किती आणि त्यावर विसंबून डॉक्टरांकडे उशिरा जाण्याचा किती, याविषयी तज्ज्ञांत वाद झाला. १९६८ पासून तेथे हे फवारे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळेनासे झाले. दम्यात स्नायू आकसतात, तशीच श्वासनलिकेच्या अस्तराला सूजही येते. फवाऱ्याने स्नायू सैल होत. सूज मात्र तशीच राही.

१९६९ मध्ये हृदयावर कमी ताण आणणारे साल्ब्युटामॉल आले, आणि १९७२ मध्ये सूज आवरणारे बेक्लोमेथासोन श्वासावाटे देता येऊ लागले. त्यानंतर विजेवर चालणारा नेब्युलायझर इस्पितळातून हळूहळू घरात आला. दाबाची हवा अरुंद छिद्रातून जाताना द्रवाला वर ओढते व फोडते. १ ते ५ मायक्रॉनचे थेंब श्वासनलिकांच्या खोल शाखांत पोचतात. मोठे थेंब घशातच अडकतात. मुलाला यात श्वासाचा ताळमेळ साधावा लागत नाही, हा मोठा लाभ. तीव्र झटक्यात साल्ब्युटामॉलबरोबर इप्राट्रोपियमही देतात. ते ॲट्रोपिनपासूनच सिद्ध केलेले आहे. म्हणजे आपला धोत्रा अशा सौम्य रूपात परत घरी आला म्हणावयाचा!

मात्र यंत्र मोठे म्हणून गुणही मोठा, असे नाही. स्पेसरची नळी जोडून दिलेला साधा इन्हेलर मुलांच्या सौम्य ते मध्यम झटक्यात नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो, आणि मुलाला इस्पितळाच्या तातडीच्या कक्षात थांबावेही कमी लागते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. शिवाय मुखवटा चेहऱ्यापासून दूर धरला, तर बरेचसे औषध हवेतच जाते.

हे सारे लिहिण्यास कारण घडले ते भावाच्या नातवाचे. गेल्या हिवाळ्यात आठवड्यातून तीन-चार वेळा त्याला यंत्र लावावे लागे. डॉक्टरांनी रोज घ्यावयास दिलेला सूज आवरणारा इन्हेलर मात्र कपाटात न उघडता पडून होता. ‘पंपाची सवय लागेल,’ असे सुनेला कोणी सांगितले होते. यंत्र लावले, की मूल खेळू लागे, आणि घर म्हणे, ‘बरा झाला!’

आराम पडणे आणि रोग आटोक्यात येणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. झटक्याच्या वेळी यंत्र जरूर लावावे. पण ते वारंवार लावावे लागत असेल, तर ती डॉक्टरांकडे जाण्याची सूचना समजावी. १९६० च्या दशकातील त्या मुलांच्या घरच्यांना हे सांगणारे कोणी नव्हते. आपल्याला ते माहीत आहे. नातवाचा इन्हेलर आता कपाटाबाहेर, दात घासण्याच्या ब्रशाशेजारी ठेवलेला असतो.